सिकलसेलच्या संशोधनात नवख्या संशोधकाला घडवताना

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करू इच्छिणारा विद्यार्थी प्रयोगशाळेत रुजू झाला की लगेच त्याच्या हाती प्रबंधाचा विषय देऊ नये. पहिले दोन-तीन महिने त्याला रक्तनमुन्यामागे फिरू द्यावे. ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीवर नाव कोण लिहिते, गडचिरोली किंवा नंदुरबारच्या गावातून निघालेली शीतपेटी किती तासांनी पोहोचते, नळी बर्फाला थेट चिकटून गोठली तर पेशी कशा फुटतात, हे त्याने स्वतः पाहावे. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे तो वाचून आलेला असतोच. त्या एका बदलापायी हातपाय ठणकून रात्रभर रडणारे मूल मात्र त्याने बहुधा पाहिलेले नसते.

त्यानंतर त्याला आकड्यांवर शंका घ्यायला शिकवावे; माझ्या मते मार्गदर्शकाचा खरा कस इथेच लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीने सात वर्षांच्या मुलाचा एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीचा, आलेख पाहून ‘एएस पॅटर्न’, म्हणजे एक सामान्य (ए) आणि एक सिकल (एस) जनुक असलेला वाहक, अशी नोंद केली होती. मी चूक दाखवली नाही. मुलाच्या आईशी बोलून ये, एवढेच म्हणालो. तीन आठवड्यांपूर्वी मुलाला रक्त चढवले होते, असे आईने सांगितले, तेव्हा आलेखातले हिमोग्लोबिन ए, म्हणजे सामान्य हिमोग्लोबिन, रक्तदात्याचे असणार हे तिच्या ध्यानात आले. आई-वडिलांची तपासणी केली, दोघेही वाहक निघाले. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात म्हणून मुलाची तपासणी चार महिन्यांनी पुन्हा केली आणि तो ‘एसएस’, म्हणजे दोन्ही जनुके सिकल असलेला रुग्ण, असल्याचे नक्की झाले. त्या दिवसापासून रक्त चढवल्याची तारीख विचारल्याशिवाय ती आलेख वाचत नाही.

आठवड्यातून एकदा नोंदवही उघडून बसावे आणि फसलेले प्रयोग आधी पाहावेत. शोधनिबंधावर कोणाचे नाव कोणत्या क्रमाने येईल, हे काम सुरू होतानाच लिहून ठेवावे.

अहवाल कुटुंबाला समजावून सांगणे हाही प्रशिक्षणाचाच भाग मानावा. ‘वाहक’ हा शब्द गावात फुटला तर मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते, म्हणून निष्कर्ष बंद खोलीत, आणि गरज असेल तिथे गोंडी किंवा भिली जाणणाऱ्या व्यक्तीच्या मदतीने सांगावा. वाहक म्हणजे आजारी नव्हे, जोडीदाराची तपासणी मात्र करून घ्यावी, हे विद्यार्थ्याला साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे. पहिल्या खेपेला मार्गदर्शकाने त्याच्या शेजारी बसावे, पण बोलू त्यालाच द्यावे.