इंटरनेटला जोडलेले उपकरण घरात सुरू करण्यापूर्वी

घरात कॅमेरा, स्मार्ट टीव्ही किंवा आवाजावर चालणारा स्पीकर बसवताना सर्वांत आधी त्याचा मूळ पासवर्ड बदलावा, कारण तो त्या मॉडेलच्या सगळ्याच उपकरणांना एकसारखा असू शकतो आणि शोधणाऱ्याला सहज सापडतो. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रामने अशाच न बदललेल्या पासवर्डच्या आधारे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अनेकांना काही तास वापरता आल्या नाहीत. आपल्या घरातील कॅमेरा अशा कामासाठी वापरला जातो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, ही गोष्ट मला सर्वाधिक अस्वस्थ करते.

राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायची, सोय असल्यास ही उपकरणे त्यावरच जोडावीत, म्हणजे त्यांपैकी एखादे दुसऱ्याच्या हाती गेले तरी तेथून आपल्या संगणकापर्यंत पोहोचणे अवघड होते. स्वयंचलित अपडेट सुरू ठेवावेत. झोपण्याच्या खोलीत कॅमेरा शक्यतो नकोच.

खरेदीपूर्वी आणखी एक चौकशी अवश्य करावी: इंटरनेट बंद पडल्यास किंवा कंपनीने आपला सर्व्हर कायमचा बंद केल्यास ते उपकरण चालेल का? दाराचे कुलूप घेताना तर साध्या किल्लीचा पर्याय असलेलेच निवडावे. उपकरण विकताना किंवा कोणाला देताना ‘फॅक्टरी रिसेट’ करून, म्हणजे त्यातील आपली माहिती व सेटिंग पुसून, ते आपल्या खात्यातूनही काढून टाकावे.