गावी जाताना मोगऱ्याची सोय

पाडव्याला चार दिवस गावी गेलो की गॅलरीतला मोगरा नेमका कळ्या धरायच्या वेळी माना टाकतो. शेजारी किल्ली द्यायला संकोच वाटत असेल, तर हे करा.

१. जुन्या सुती साडीच्या किंवा पंचाच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून पीळ द्या. नायलॉनची दोरी सुताइतकं पाणी शोषत नाही, तिच्या नादी लागू नका.
२. भरलेली बादली कुंड्यांपेक्षा वीतभर उंच, स्टुलावर ठेवा.
३. वात आधी पूर्ण भिजवा. एका टोकाला खडा बांधून ते बादलीच्या तळाशी सोडा, दुसरं कुंडीतल्या मातीत दोन बोटं खोल खुपसा. प्रत्येक कुंडीला वेगळी वात.

पीळ घट्ट असेल तर पाणी हळू येतं, सैल असेल तर भराभर. आमच्याकडे वाती वळायचं काम मुलांचं, त्यामुळे एक कुंडी तुडुंब आणि दुसरी कोरडी असं झालं होतं! म्हणून निघायच्या दोन दिवस आधीच लावून बादली किती उतरते ते बघा.

बादलीचं तोंड मात्र फडक्यानं घट्ट बांधा. उघड्या पाण्यात आठवडाभरात डास होतात.