मुंबईत काइट शिकताय? मे महिन्यात वारा पडला की किनाऱ्यावर या

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या, काइटच्या, ओढीवर बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जाणं. नवीन लोकांचे प्रश्न ठरलेले असतात, काइट कितीचा घेऊ, बोर्ड किती लांब, कुठल्या कंपनीचा. वाऱ्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण ॲपवर आकडा दिसतोच ना. म्हणून हे लिहितेय. बार (काइट सांभाळायचा दांडा), चिकन लूप (तो दांडा कमरेच्या पट्ट्याला अडकवायची कडी), डीपॉवर (काइटची ओढ कमी करणं) हे सगळं क्लासमध्ये झालंय असं धरून चालते.

आपल्याकडे शिकायचे खरे महिने फेब्रुवारी ते एप्रिल. जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो, संध्याकाळी उतरतो. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून, त्यामुळे हा वारा तिरका किनाऱ्याकडेच ढकलतो, पडलात तरी शेवटी वाळूवरच येता. मांडवा-किहीमच्या बाजूला याच वाऱ्यात शिका, पहिले काही दिवस नुसतं खारं पाणी पिण्यात जातात पण जमतं, सगळ्यांना जमतं.

हिवाळ्यात सकाळी उलटं असतं. मतलई वारा जमिनीवरून येतो, पाणी सपाट दिसतं आणि मोह होतो. काठाजवळ झाडांच्या आडोशाने तो कमी वाटतो, आत गेल्यावर खरा जोर कळतो आणि तोवर तुम्ही लांब गेलेले असता. सोबत बोट नसेल तर सकाळी काइट बॅगेतून काढायचाच नाही.

आता मे. मला यानेच गाठलं होतं, त्यामुळे जरा लांबण लावते, कंटाळा आला तरी वाचा.

दुपारी छान १४-१५ नॉट्स (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी) वारा चालू असतो आणि चार-साडेचारला वारा एकदम पडतो. काइटच्या लाइन्स (दोऱ्या) सैल, काइट खाली, सगळे वाळूवर. मग कोणीतरी म्हणतं वारा कमी झाला, मोठा काइट लाव, आणि ९ चौरस मीटरचा ठेवून १२ चा पंपाने फुगवायला घेतात. हाच तो सापळा. कर्जत-बदलापूरकडे, सह्याद्रीच्या अंगाला वळवाचे ढग चढलेले असतात, तिथे पाऊस कोसळायला लागला की गार जड हवा खाली आदळून चहूबाजूंनी पसरते आणि पावसाच्या आधीच पूर्वेकडून किनाऱ्यावर पोचते. आपला खारा वारा पडतो तो बऱ्याचदा तिच्यामुळेच. पुढच्या काही मिनिटांत २५-३० नॉट्स, दिशा उलटी म्हणजे थेट समुद्रात नेणारी, आणि तुमच्या हातात दिवसातला सगळ्यात मोठा काइट. त्यात ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, वारा १२ नॉट्सचा २४ नॉट्स झाला की दुप्पट नाही, चौपट. १३ मे २०२४ ला दुपारी मुंबईत धुळीचं वादळ येऊन घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं, ते आठवा. ते याच जातीचं वादळ होतं.

आणि हे दिसत का नाही, तर आपण दिवसभर समुद्राकडे बघत असतो आणि ढग पाठीमागे वाढतो. म्हणून दर थोड्या वेळाने मागे वळून बघा. पूर्वेला फुलकोबीसारखा ढग वर चढतोय, बुडाशी काळा पडतोय, होड्यांवरचे झेंडे गोंधळल्यासारखे इकडेतिकडे फिरतायत, आणि खारट वासाच्या जागी अंगाला गार झुळूक लागून मातीचा वास आला की संपलं, काइट उतरवा, हवा सोडा, गुंडाळा. पाण्यात असाल आणि वारा पडला तर परत येईल म्हणून थांबू नका, वेळ आहे तोवर सेल्फ रेस्क्यू करून (काइट आवरून त्याच्याच आधाराने तरंगत) किनारा गाठा. झोत आलाच तर बारशी झुंजत बसू नका, लगेच क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात सोडवणारी कळ) ओढा. आणि काइट टाकून पोहत निघू नका, तो तरंगतो, लांबून दिसतो.

ॲपवरच्या अंदाजात हे वादळ बहुतेक वेळा सापडतच नाही. त्यापेक्षा हवामान खात्याचं कुलाबा आणि वेरावलीचं रडार तीन वाजता मोबाइलवर बघा, ढग कुठे आहेत आणि कुठे सरकतायत ते समोर दिसतं.

गुरूबद्दल माझं मत स्पष्ट आहे. "जा गं, काही होत नाही" म्हणणारा कितीही भारी उड्या मारत असला तरी सोडा. डोळे मिटून क्विक रिलीज पुन्हा पुन्हा ओढायला लावणारा, कंटाळवाणा वाटणारा माणूस पकडा. व्हिडिओ बघून शिकणं तर विसराच. सेकंडहँड काइट चालेल, जुना झालेला रिलीज चालणार नाही. आणि कोळीवाड्यातल्या एखाद्या काकांशी ओळख करून घ्या, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशोब ते तोंडी सांगतात (अष्टमीला साधारण सहा) आणि आकाश बघून जे बोलतात ते ऐकून घ्यावं.

जून लागला की मुंबईत शिकणं बंद. नैर्ऋत्येचा वारा ॲपवर २० दिसतो आणि सरीबरोबर कितीतरी वर जातो, लाटा काठावरच फुटतात, बीचवरही जाऊ देत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांच्या होड्याही वर ओढलेल्या असतात. हात अगदीच शिवशिवत असतील तर त्या महिन्यांत रामेश्वरमला जा, तिथे दक्षिणेचा वारा आणि उथळ पाणी मिळतं, आणि बुकिंगच्या आधी एवढंच विचारा की रेस्क्यू बोट पाण्यात उभी असते का, की फोन केल्यावर येते.