सोलापूरच्या कडेला प्लॉट घेताय, कॉलनी वसवताय? मग या चुका टाळा

सोलापूर वाढतंय की नाही यावर पारावर कितीबी वाद घाला, विजापूर रोडनं जुळे सोलापूर ओलांडून सोरेगावकडं एक चक्कर मारा, नाहीतर होटगी रोड, अक्कलकोट रोड, बाळे-केगावकडं जा, उत्तर आपोआप मिळतंय. वाढण्यात काही वाईट नाही. वाईट एवढंच की आपल्याकडं क्रम उलटाय. आधी घर होतं, मग लाईटचा पोल येतो, मग नळ, मग कधीतरी ड्रेनेज, आणि रस्ता सगळ्यात शेवटी, तोही इलेक्शनच्या तोंडावर. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बऱ्याचशा या उलट्या क्रमातूनच येतेत, आणि त्या फक्त बिल्डर करतो असं नाही, प्लॉट घेणारा करतो, ग्रामपंचायत करते आणि पालिकाबी करते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गुंठ्याचा भाव बघून भुलणं. शेजारच्या एनए म्हणजे बिगरशेती लेआउटमध्ये प्लॉट महाग आणि इथं बाँडवर, म्हणजे नुसत्या नोटरीच्या कागदावर, निम्म्या किमतीत, असं का, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. हिशोब करून बघा. एकरात ४० गुंठे, गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट. कायदेशीर लेआउट करायचा तर आतले रस्ते निदान ९ मीटरचे म्हणजे साधारण ३० फुटांचे सोडायचे, रस्ता लांब गेला तर रुंदी अजून वाढते, एकरापेक्षा मोठी जमीन असली की १० टक्के ओपन स्पेस सोडायची, आणि शहराच्या विकास आराखड्यातला म्हणजे डीपी रोड त्याच जमिनीतून जात असला तर तीही जागा गेली. गुंठेवारीवाला, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठा-गुंठा विकणारा, ह्यातलं काहीच सोडत नाही, १५ फुटाचा बोळ काढतो आणि उरलेलं सगळं विकतो. म्हणजे स्वस्त वाटतंय ते स्वस्त नाही, तुमच्या पोरांचं मैदान आणि फायर ब्रिगेडच्या गाडीचा रस्ता तुम्हालाच प्लॉट म्हणून विकलेला असतो. परत नोटरी केलेल्या बाँडनं मालकी येत नाही, खरेदीखत लागतं, आणि तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, त्यामुळं सातबाऱ्यावर नाव लावायला गेलं की वर्षानुवर्षं गाडी अडत आलीय.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे, आपोआप एनए धरतेत." हे अर्धं खरंय. जमीन महसूल कायद्यात तशी सोय केलीय, वेगळी एनए परवानगी लागत नाही, पण त्यासाठी सरकारकडं ठरलेली रक्कम भरावी लागते, आणि एनए झालं म्हणजे लेआउट मंजूर झाला असं होत नाही. जमीन कशासाठी वापरायची ही एक गोष्ट आणि ती कशी पाडायची ही दुसरी. तसंच ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचाही नाही आणि बांधकाम परवानगीचाही नाही, पण आपल्याकडं तोच लॅमिनेट करून कपाटात ठेवतेत.

प्लॉटिंग ५०० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर महारेराचा (बिल्डर-प्लॉटिंगवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर पाहिजेच, त्यांच्या वेबसाईटवर जाऊन तपासायला पाच मिनिटं लागतेत. त्याच्यापुढं नगररचना ऑफिसातून झोन दाखला घ्या, म्हणजे जमीन रहिवासी पट्ट्यात आहे का शेतीच्या ते कळतं, मंजूर लेआउटचा शिक्क्याचा नकाशा घ्या. एजंटनं व्हॉट्सअपवर पाठवलेला रंगीत नकाशा, ज्यात मंदिर, गार्डन आणि कारंजं दाखवलेलं असतं, तो नकाशा नव्हे.

आता नाल्याचं. ह्याच्यावर जरा जास्त बोलायला पाहिजे कारण लोकांना वाटतं सोलापूर दुष्काळी, इथं कुठला पूर. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला होता. नदीचं सोडा, शहरात आदिला नाला आहे, त्याला येऊन मिळणारे ओढे आहेत, आणि वर्षातले दहा महिने ते कोरडे असतेत म्हणून प्लॉट पाडणाऱ्याला ती मोकळी जागा दिसते. दोन गाड्या मुरूम टाकला की ओढा गायब. पाण्याला मात्र तुमचा लेआउट माहीत नसतो, ते जुन्या वाटेनंच येतं आणि तुमच्या हॉलमधून जातं. म्हणून प्लॉट उन्हाळ्यात बघा पण पैसे द्यायच्या आधी एकदा मोठ्या पावसानंतर परत बघा, आणि शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, मामा पाणी कुठनं जातंय इथलं. गाव नकाशावर ओढा दाखवलेला असतो, तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो.

त्याच्या जोडीला आपली काळी माती. पावसात फुगती, उन्हाळ्यात भेगाळती. मुरूम लागेपर्यंत खोदायचा खर्च वाचवला की तीन-चार वर्षांत भिंतीला तिरक्या चिरा दिसायला लागतेत. आणि शोषखड्डा ह्या मातीत नीट शोषतच नाही. ड्रेनेज नाही म्हणून प्रत्येकानं सेप्टिक टँक आणि शोषखड्डा केला, नळ नाही म्हणून प्रत्येकानं बोअर मारलं, दोन्ही त्याच एका गुंठ्यात, मग बोअरच्या पाण्याला वास येतो म्हणून परत जारचं पाणी. ही कॉलनीची अडचण आहे, एकट्यानं सुटत नाही.

पाण्याबद्दल अजून एक गैरसमज. उजनीची समांतर पाईपलाईन, ११० किलोमीटर, १७० एमएलडी म्हणजे रोज १७ कोटी लिटर, हे आकडे प्रत्येक ब्रोशरमध्ये असतेत. पण पाणी सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं म्हणजे तुमच्या नळाला आलं का? मधे टाकी पाहिजे, वितरणाची लाईन पाहिजे, प्रेशर पाहिजे. अख्खं शहर कित्येक वर्षं चार-पाच दिवसाआड पाण्यावर जगलंय, तिथं शेवटच्या टोकाच्या कॉलनीचा नंबर कधी लागणार याचा अंदाज तुम्हीच करा. विचारायचा प्रश्न "पाणी येणार का" हा नाही, "आमच्या भागाची टाकी कुठली आणि लाईन किती इंची" हा आहे.

पालिकेची चूकही सांगायला पाहिजे. १९९२ ला हद्दवाढ झाली, आजूबाजूची ११ गावं आत आली, शहर १७८ चौरस किलोमीटरच्या पुढं गेलं. इतकी वर्षं झाली तरी लोक त्या भागाला अजून हद्दवाढ भागच म्हणतेत, यातच सगळं आलं. हद्द आधी वाढली, सुविधा मागून चालत राहिल्या. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा इथल्या नगरपरिषदांनी तरी हे बघून शहाणं व्हावं, हायवे लागला की प्लॉटिंग आधी सुरू होतं आणि आराखडा मागून येतो. कडेच्या जमिनीत डीपी रोडची आखणी आणि पावसाच्या पाण्याची लाईन आधी, प्लॉट नंतर. दोन लेआउटचे रस्ते एकमेकांना जुळतेत का हे परवानगी देतानाच बघितलं तर पुढं भिंती पाडायची वेळ येत नाही.

आराखडा म्हटलं की नागरिक झोपलेले असतेत. प्रारूप विकास योजना, म्हणजे आराखड्याचा मसुदा, जाहीर झाली की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतेत. ते गेले की मग मोर्चे, निवेदनं, आमदाराकडं चकरा. शिवाय बागेचं आरक्षण कागदावर आहे म्हणून निवांत राहू नका. १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण उडतं, मग तिथं बागेऐवजी अपार्टमेंट उभं राहतं आणि आपण म्हणतो असं कसं झालं.

होटगी रोडवाल्यांसाठी थोडक्यात, विमानतळाजवळ उंचीची मर्यादा असते. विमानांना अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली ते अख्ख्या शहरानं बघितलंय, आणि २०२५ पासून विमानं उडायला लागलीत. जादा मजल्याचा विचार असेल तर एनओसी आधी.

आधीच अडकला असाल तर काय? गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे, २०२१ ला त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढवली. तुमचा प्लॉट त्याच्या आधीचा असेल आणि नाल्यात, आरक्षणात किंवा डीपी रोडमध्ये येत नसेल तर लायसन्स्ड इंजिनिअरकडून नकाशा करून अर्ज टाका, आणि एकेकट्यानं टाकू नका, पूर्ण गटाचा मिळून टाका, कारण रस्ते सगळ्यांचे मिळूनच दाखवावे लागतेत. रस्ता करायचं चाललं असेल तर जुना थर खरवडून काढल्याशिवाय वर काँक्रीट टाकू देऊ नका, नाहीतर दोन इलेक्शनमध्ये रस्ता तुमच्या उंबऱ्याच्या वर जाईल.

मंजूर लेआउटमध्ये राहत असाल तर आजच एक काम करा, ओपन स्पेसचा आणि आतल्या रस्त्यांचा सातबारा काढून बघा. तिथं अजून मूळ मालकाचं नाव असतंय बऱ्याच ठिकाणी, आणि त्याची पोरं मोठी झाली की तीच ओपन स्पेस परत विकायला निघते. नाव पालिकेचं लागेपर्यंत लेखी पाठपुरावा करा, पोच घ्या. मोजणी करून खांब रोवून घ्यायचे असतील तर अर्ज उन्हाळ्याआधीच टाका, पाऊस पडून आजूबाजूला पीक उभं राहिलं की मोजणीवाला येऊन तसाच परत जातो.