पंप दाखवायला गावात जाताना

यवतमाळ-वाशिमकडे फवारणी पंप विकायला निघालात तर टाय घरीच ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. इस्त्रीचा सुती शर्ट अन् डोक्याला दुपट्टा पुरे. ओसरीवर बूट काढावे लागतात, म्हणून मोजे धड घाला. मी एकदा अंगठा लपवत अर्धा तास बसलो होतो!

पहिला राम राम घरच्या म्हाताऱ्या काकाजींना. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) पुढे केला तर हसून हात जोडा, तोंडात तोबरा धरून दर सांगता येत नाहीत.

बोलण्यापेक्षा दाखवा. १६ लिटरची टाकी साध्या पाण्यानं भरून स्वतःच्या पाठीवर घ्या, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळी चाला. नोझल खोलून गाळणी धुऊन दाखवा. पाणीच आहे म्हणून हातमोजे, मास्क टाळू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ते इथं कोणी विसरलेलं नाही.

भाव जीएसटीसकट एकच सांगा. ‘कापूस निघाल्यावर देतो भाऊ’ असं कुणी म्हटलं अन् उधारी जमत नसेल, तर तिथंच स्पष्ट सांगा.