नव्या पाण्यात चढणारी मासळी : मृगापासून पोळ्यापर्यंत घ्यायची काळजी

मृगाचा पाऊस होऊन नदी-नाल्यांना गढूळ पाणी आलं की पांझरा, गिरणा, बोरी, अनेर यांच्या काठच्या गावांत धावपळ उडते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी मासळी उड्या मारत असते आणि लहानथोर सगळे जाळी, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन पाण्यात उतरतात. ही मासळी नेमकी तिथंच का जमते? उन्हाळाभर डोहात दबा धरून बसलेली मादी नवं पाणी येताच धारेच्या उलट वर चढू लागते. अंडी टाकायला तिला नुकतीच बुडालेली, उथळ, गवताळ जागा हवी असते. बंधारा आडवा आला की ती तिथंच अडकते, आणि आपण तिला तिथंच धरतो.

गेल्या आषाढात एका पोरानं धरलेली किलोभराची रोहू मी हातात घेऊन पाहिली. पोट फुगलेलं आणि लोण्यासारखं मऊ होतं. अंगठा नुसता टेकवला तर मोहरीहून बारीक दाणे तळहातावर ओघळले. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे साधारण दोन लाख अंडी असतात. बेडूक, पाणकिडे, पक्षी त्यातली बहुतेक खातात हे खरं. पण जी थोडी वाचतात, त्यांच्यावरच पुढच्या वर्षीची नदी चालते. ती मासळी त्या दिवशी दोन घरांच्या कालवणात संपली, याची हळहळ मला अजून वाटते.

म्हणून पहिली विनंती. मृगापासून श्रावण संपेपर्यंत बंधाऱ्याच्या पायथ्याशी जाळं लावू नका. ज्या भोई-कोळी कुटुंबांचं पोटच मासळीवर आहे त्यांना तीन महिने हात बांधून बसा म्हणणं अन्यायाचं होईल. त्यापेक्षा बंधाऱ्याखालचा दोनशे-तीनशे पावलांचा टप्पा ग्रामसभेत ठराव करून मोकळा ठेवावा, बाकी पाण्यात मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची जाळी वापरावीत, आणि पोट फुगलेली मादी आली तर सोडून द्यावी. मच्छरदाणी मात्र कुणीच लावू नये, तिच्यात बोटभर पिलंही अडकतात. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत बसवलेल्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात. पण ‘एक पाणी तरी अडू द्या’ म्हणून काही गाळे तसेच बंद ठेवले जातात. सगळे बरगे वेळेत निघाले तर मासळीला वर जायला वाट मिळते आणि गाळही वाहून जातो. पाणीवाटप समितीत शेतकरीच असतात, तेव्हा हा विषय त्यांनीच काढावा.

आता फवारणीचं. कपाशीवर पहिली फवारणी याच दिवसांत होते, आणि पंप धुवायला जवळचा नाला बरा वाटतो. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अतिशय घातक आहेत. लहान डबक्यातली पिलं मारायला पंपाच्या तळाशी उरलेला घोट पुरतो. पंप बांधावर, पाण्यापासून लांब धुवा आणि ते पाणी पडीक जमिनीत जिरू द्या. पाऊस डोक्यावर असेल त्या दिवशी फवारूच नका. पिकाला तर फायदा नाहीच, आणि औषध थेट नाल्यात उतरतं.

शेततळ्यात मासे सोडायचा काळही हाच. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणलं. तेव्हापासून बीजासाठी, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिलांसाठी, नदीच गाळत बसायची गरज उरली नाही. तरी बीज घेताना पिशवीत काय आहे ते पाहा. कटला, रोहू, मृगळ यांची बोटाएवढी बोटुकली घ्या. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिलं, स्वस्त मिळतात, पण शेततळ्यात टिकत नाहीत. गुंठ्याला ५० नग पुरे. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याचं पाणी सुमारे ९ गुंठे, म्हणजे ४५० बोटुकली. त्यात कटला १८० आणि रोहू, मृगळ प्रत्येकी १३५ ठेवा. दुप्पट सोडून दुप्पट उत्पन्न येत नाही, मासा खुरटतो.

पिशवी आणल्या आणल्या ओतू नका. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर ती बंदच तळ्यावर १५-२० मिनिटं तरंगू द्या, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी तांब्यातांब्यानं आत घाला. पिलं आपणहून बाहेर निघाली पाहिजेत.

थाई मांगूर कुणी कितीही आग्रहानं दिला तरी घेऊ नका. हा मूळचा आफ्रिकेतला, दिसेल ते खाणारा मासा. केंद्र सरकारनं २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली आहे. तळं एकदा ओसंडलं की तो नाल्यातून तापीत गेलाच, आणि नदीतून त्याला परत काढता येत नाही. तिलापियाही असाच, परवानगीशिवाय नको. तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी बसवा आणि मोठ्या पावसानंतर तिच्यावर अडकलेला पाला काढा, नाहीतर पाणी बांधावरून जाईल.

झडीच्या दिवसांत पहाटे एकदा तळ्यावर चक्कर मारा. मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर पाण्यातला प्राणवायू घटला आहे. त्या दिवशी खाद्य आणि शेणखत बंद करा, मोटार चालू करून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पडू द्या, आणि मासे खाली जाईपर्यंत ती बंद करू नका.