तुंबलेलं बेसिन: आधी बादली घ्या, मग हात घाला

बेसिनमध्ये पाणी चढायला लागलं की नळ बंद करा आणि बाथरूमच्या मोरीकडे बघा. तिथूनही पाणी उलटं येत असेल तर अडथळा पुढच्या मोठ्या लाइनमध्ये आहे. मग बाहेरचं चेंबरच उघडावं लागतं, बेसिनशी झटापट करून उपयोग नाही.

एकटं बेसिनच तुंबलं असेल तर मी आधी बेसिनखालच्या पाइपला जोडलेला ट्रॅप काढते. खाली बादली ठेवायची आणि तो बाटलीसारखा भाग हाताने फिरवून सोडवायचा. गेल्या वेळी माझ्याकडे आत टूथपेस्टचं टोपण आडवं बसलं होतं, भोवती केस आणि साबणाचा करडा, बुळबुळीत लगदा. जुन्या ब्रशने सगळं घासून काढलं. परत बसवताना रबरी वायसर सरळ आहे ना, हे नक्की बघा. तिरका बसला की रात्रभर ठिबकतं.

ट्रॅप निघतच नसेल तर प्लंजर, म्हणजे दांड्याला लावलेली रबरी वाटी. रबर बुडेल इतकं पाणी ठेवा आणि वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने घट्ट दाबा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. 15-20 दणके द्या.

आणि कृपा करून ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आधीच काही रसायन ओतलं असेल तर ट्रॅपला हातमोजे आणि चष्म्याशिवाय हात लावू नका.